खोकल्यावरील घरगुती औषधे आणि त्यांचे प्रमाण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने या वर्षीच्या संमेलनात आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा मला केली, तिचा मी नम्रपणे स्वीकार केला आहे. मी वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. खडू आणि फळा यांच्या सहवासात आयुष्य घालविलेला मी एक निवृत्त शिक्षक. तेव्हा औषधयोजना सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु एखादी गोष्ट खरी कशावरून, हे विचारण्याची सवय शिक्षकाला असते आणि तेवढ्याच भांडवलावर मी आज आपणांपुढे उभा आहे.

विषय साधा आहे: खोकला. दिवाळी सरली, थंडी पडू लागली, उसाच्या फडांत पाचट पेटू लागले आणि वाटावाटांची धूळ उडू लागली, की आपल्या जिल्ह्यात घरोघर खोकल्याची उबळ ऐकू येते. मग आजीबाई अडुळशाची पाने आणावयास सांगतात, कोणी ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरतो, कोणी सुंठ-मिरी-पिंपळीचे चूर्ण मधातून चाटतो. इसवी सन २०२० च्या महामारीत तर सरकारच्या आयुष मंत्रालयानेच तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरे यांच्या काढ्याची शिफारस केली आणि आपल्यापैकी क्वचितच एखादे घर त्या काढ्यावाचून राहिले असेल. या औषधांनी खरोखर गुण येतो काय? येत असेल तर कोणत्या खोकल्यात? आणि कोणत्या वेळी त्यांच्यावर विसंबून राहणे जिवावर बेतते? या तीन प्रश्नांचा आपण क्रमाने विचार करू.

प्रथम "प्रमाण" या शब्दाविषयी. पुरावा मागणे म्हणजे आपल्या परंपरेचा अनादर करणे, अशी काही जणांची समजूत आहे. ती बरोबर नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, परीक्षेचे चार मार्ग सांगितले आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. आप्तोपदेश म्हणजे जाणत्यांचे वचन. परंतु ते चारांपैकी एक आहे, चारही नव्हे. आपण मात्र आजीने सांगितले, पणजीने केले, एवढ्यावर थांबतो आणि उरलेले तीन मार्ग विसरतो. म्हणून पुरावा मागणारा मनुष्य चरकाच्या विरुद्ध जात नसून त्याच्याच वाटेने चालत असतो.

आता खोकल्याचे स्वरूप पाहू. खोकला हा स्वतः रोग नसून बहुधा शरीराचा रखवालदार आहे. श्वासमार्गात धूळ, धूर किंवा कफ साचला म्हणजे तो बाहेर फेकण्याची ही योजना आहे. आपल्या प्राचीन ग्रंथकारांनीही सर्व खोकले एका मापाने मोजले नाहीत. चरकाने चिकित्सास्थानात कासाचे पाच प्रकार केले: वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज. म्हणजे साधा पडशाचा खोकला निराळा आणि शरीर झिजविणारा खोकला निराळा, हे त्या काळीही ज्ञात होते. हा भेद आपण ध्यानात ठेवावा. कारण माझ्या बोलण्याचा सगळा भर शेवटी त्याच्यावर येणार आहे.

पडशाबरोबर येणारा साधा खोकला किती दिवस टिकतो? आपणांपैकी बहुतेक जण आठवडाभर म्हणतील. अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली हाच प्रश्न लोकांना विचारला, तेव्हा तेथील लोकांचेही उत्तर सात ते नऊ दिवस असेच आले. परंतु निरनिराळ्या अभ्यासांतील रुग्णांच्या प्रत्यक्ष नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सरासरी जवळजवळ १८ दिवसांची निघाली. या एका आकड्यात पुष्कळ बोध आहे. समजा, सहा-सात दिवस वाट पाहून आपण कंटाळलो आणि आठव्या दिवशी काढा सुरू केला. पुढे आठ-दहा दिवसांत खोकला गेला. आपण म्हणणार, काढ्याने गेला! प्रत्यक्षात तो जाण्याच्या वाटेवरच होता. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, असे म्हणण्यासारखेच हे आहे. ही गफलत केवळ काढ्याच्या बाबतीत होते असे नाही. दुकानातील महागड्या बाटलीलाही असेच फुकटचे श्रेय मिळते.

ही गफलत टाळावयाची कशी? उपाय सोपा आहे. सारख्याच आजाराच्या लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावयाचे. एका गटास औषध द्यावयाचे, दुसऱ्यास न द्यावयाचे किंवा तसेच दिसणारे दुसरे काही द्यावयाचे आणि कोणत्या गटास अधिक उतार पडला ते मोजावयाचे. आपल्या घरातील एका पदार्थाची अशी परीक्षा चांगल्या रीतीने झाली आहे. तो पदार्थ म्हणजे मध.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २ ते १८ वर्षे वयाची १०५ मुले होती. रात्री निजण्यापूर्वी काहींना मध दिला, काहींना डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे खोकल्याचे प्रचलित औषध दिले आणि काहींना काहीच दिले नाही. काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा मध दिलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला स्पष्टपणे कमी झाला. बाटलीतील औषध मात्र काहीच न देण्यापेक्षा निश्चितपणे सरस ठरू शकले नाही. यावर कोणी आक्षेप घेईल की, काही दिले नाही हे त्या आईबापांना ठाऊकच होते. तो आक्षेप योग्य आहे. म्हणून इस्रायलमध्ये २०१२ साली १ ते ५ वर्षांच्या ३०० मुलांवर दुसरा प्रयोग झाला. त्यात तीन प्रकारचे मध आणि मधासारखाच दिसणारा खजुराचा पाक यांची तुलना केली गेली. तिन्ही मध पाकाहून सरस ठरले. मात्र पाक घेतलेल्या मुलांनाही काहीसा उतार पडलाच, कारण खोकला आपोआपही कमी होत असतो. तेव्हा एक वर्षावरील मुलास निजताना अर्धा ते एक चमचा मध चाटविणे, या आजीबाईंच्या उपायास आज प्रत्यक्ष प्रमाणाचा आधार आहे. अशा वेळी मला आनंद वाटतो, हे मी लपवून ठेवीत नाही.

परंतु याच मधाविषयी एक कडक सूचना आहे. एक वर्षाच्या आतील बालकास मध मुळीच देऊ नये. मधात कधी कधी एका विशिष्ट जंतूची बीजे असतात. मोठ्यांस ती बाधत नाहीत. पण तान्ह्या बाळाच्या कोवळ्या आतड्यात ती रुजून विष निर्माण करतात. त्यामुळे बाळ लुळे पडते आणि त्याचा श्वासही बंद पडू शकतो. आपल्यातील कित्येक घरांत नवजात बालकास मधात सोने उगाळून चाटविण्याची चाल आहे. संस्कार अवश्य करावा, बाळाच्या कानात नाव सांगावे, आशीर्वाद द्यावेत. मध तेवढा वगळावा.

आता अडुळशाकडे वळू. विहिरीच्या कडेला किंवा मळ्याच्या कुंपणाला वाढणाऱ्या या झुडपास शेळीही सहसा तोंड लावीत नाही. पण खोकल्याच्या औषधांत त्याचा मान पहिला. त्याच्या पानांतून "वासिसीन" नावाचे कडू द्रव्य १८८८ साली वेगळे करण्यात आले. पुढे त्या द्रव्याच्या रचनेवरून जर्मनीत "ब्रोमहेक्झीन" हे औषध तयार झाले आणि १९६३ साली ते बाजारात आले. शरीरात त्यापासून जे "अँब्रोक्सॉल" बनते, तेही आज स्वतंत्र औषध म्हणून विकले जाते. कफ पातळ करण्याच्या ज्या बाटल्या आज औषधाच्या दुकानात मिळतात, त्यांपैकी कित्येकींवर ही नावे छापलेली आपणांस आढळतील. म्हणजे कुंपणावरचा अडुळसा परदेशी जाऊन, शिकून-सवरून, नवे नाव घेऊन परत आला!

ही हकीगत अभिमानाची खरी. तरी तिचा अर्थ नेमका समजून घ्यावा. पानात गुणकारी द्रव्य आहे, एवढे तिने सिद्ध होते. घरी काढलेल्या रसाने अमुक खोकला तमुक दिवसांत बरा होतो, असे तिने सिद्ध होत नाही. कारण पानापानात द्रव्याचे मान निराळे असते आणि आपले मोजमाप "मूठभर" आणि "चिमूटभर" एवढेच असते. शिवाय हेच वासिसीन गर्भाशयास आकुंचन आणते, असे जम्मू येथील प्रयोगशाळेच्या संशोधनात दिसून आले. म्हणून गर्भवती भगिनींनी अडुळशाचा रस किंवा काढा घेऊ नये. "झाडपाल्याचे औषध, अपाय तर होणार नाही ना!" हे वाक्य आपण फार सहज बोलतो. ज्याच्या अंगी गुण करण्याची शक्ती आहे, त्याच्या अंगी अवगुण करण्याचीही शक्ती असणारच.

ज्येष्ठमधाचेही असेच आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासनलिकेत नळी घातल्याने रुग्णाचा घसा दुखतो. व्हिएन्ना येथे २०१३ साली २३६ रुग्णांवर प्रयोग झाला. त्यांतील ज्यांना आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याच्या गुळण्या करविल्या, त्यांतील घसा दुखणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. लखनौच्या संजय गांधी संस्थेतही त्यापूर्वी असाच लाभ दिसला होता. घसा निवविण्याचा त्याचा गुण यावरून मान्य करावा लागतो. पण १९४६ साली एका डच डॉक्टराने पोटातील व्रणावर ज्येष्ठमध दिला, तेव्हा काही रुग्णांच्या अंगावर सूज आली. फार दिवस, फार मात्रेत घेतल्यास ज्येष्ठमध रक्तदाब वाढवितो आणि शरीरातील पोटॅशियम घटवितो. रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी त्याची काडी रोज चघळणे बरे नव्हे.

पिंपळीची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिच्यातील आणि मिऱ्यातील "पायपरीन" हे तिखट द्रव्य इतर औषधांना शरीरात अधिक शोषून घेण्यास साहाय्य करते. जम्मूच्याच संशोधनातून क्षयावरील एका औषधात ते मिसळून मूळ औषधाची मात्रा कमी करता आली आणि असे संयुक्त औषध २००९ साली आपल्या देशात तयार झाले. यात अनुपानाची कल्पना जाणणाऱ्यांस आश्चर्य वाटणार नाही. परंतु ज्यांना रोजच्या गोळ्या आहेत त्यांनी पिंपळीचे चूर्ण चालू करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे, हाही बोध त्यातूनच निघतो.

सितोपलादि चूर्ण आपल्या परिचयाचे आहे. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १, अशी त्याची सुंदर पाठ करण्याजोगी रचना आहे. मुलांना गणित शिकविताना मला ती नेहमी आवडे. पण तेच गणित मधुमेही बंधूंनी करून पाहावे: ३१ भागांत १६ भाग साखरच, म्हणजे निम्म्याहून अधिक!

उरलेल्या औषधांचा थोडक्यात उल्लेख करतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात, अकोले तालुक्यात, हिरडा-बेहड्याची झाडे आहेत. बेहड्याची साल तोंडात धरल्याने घशास ओल येते, हा अनुभव जुना आहे. आले, तुळस, हळद यांचे काही गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत. परंतु काचेच्या नळीत दिसलेला गुण माणसाच्या छातीत दिसेलच असे नाही. खोकल्याच्या रुग्णांवरील भक्कम प्रयोग यांच्या बाबतीत अद्याप थोडे आहेत. म्हणून आल्याचा चहा किंवा हळदीचे कोमट दूध सुखासाठी अवश्य घ्यावे. औषध घेतल्याची खात्री बाळगून निश्चिंत मात्र होऊ नये.

काही चाली तर सोडूनच द्याव्यात. बाळाच्या छातीवर बिब्बा घालणे किंवा पोटावर डागणे म्हणजे आजारात जखमेची भर घालणे होय. कापूर पोटात गेल्यास लहान मुलास झटके येतात. तो नाकातोंडाजवळ चोळू नये. बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची आणि शेणीची धुरी कोंडणे हे खोकल्याचे औषध नसून खोकल्याचे कारण आहे. उकळत्या पाण्याच्या वाफाऱ्याने पडसे लवकर बरे होते असा खात्रीचा पुरावा नाही. भांडे कलंडून मुले भाजल्याची उदाहरणे मात्र पुष्कळ आहेत.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग दुकानातील बाटली बरी. तेही खरे नाही. गोड, पातळ औषधाच्या द्रावणात "डायएथिलीन ग्लायकॉल" हे विष शिरले, तर मूत्रपिंडे निकामी होतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली अशा दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमावा लागला. २०२२ साली आफ्रिकेतील गॅम्बिया देशात सुमारे ७० बालकांच्या मृत्यूशी आपल्या देशातून गेलेल्या खोकल्याच्या औषधांचा संबंध जोडला गेला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या मध्यप्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, विषारी खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली. त्यांतील कित्येकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने पुन्हा बजाविले की, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सामान्यतः टाळावीत. तेव्हा प्रश्न देशी की विलायती हा नाहीच. प्रश्न एवढाच की, गरज आहे काय, गुण सिद्ध आहे काय आणि वस्तू शुद्ध आहे काय.

बंधुभगिनींनो, आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. घरगुती औषधाने होणारे सर्वांत मोठे नुकसान त्यातील पाल्याने होत नाही. ते विलंबाने होते. काढा चालू आहे, या समाधानात आपण दिवस घालवितो.

मी एका खेड्यात नोकरीस असताना माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील अडीच महिने खोकत होते. घरात अडुळसा होता, मध होता, सेवा करणारी माणसे होती. थुंकीत रक्त दिसले तेव्हाच ते तपासणीस गेले आणि क्षय ठरला. सहा महिन्यांच्या उपचाराने ते बरे झाले. परंतु तोवर त्याच घरातील धाकट्या मुलीसही लागण झाली होती. क्षयज कास वेगळा, हे चरकाने लिहून ठेवले होते. त्या घरात ते कोणी वाचले नव्हते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही असल्यास थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही विनामूल्य आहेत आणि क्षयाच्या रुग्णास आहारासाठी दरमहा मिळणारी मदत २०२४ च्या नोव्हेंबरपासून ५०० रुपयांवरून १००० रुपये झाली आहे. यात लपविण्यासारखे काही नाही. मुलीचे लग्न जमावयाचे आहे म्हणून तपासणी लांबविणारी घरे आपल्यातही आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, असे करू नये.

दुसरा शत्रू बालकांचा न्यूमोनिया. येथे आपल्याच राज्याने जगास धडा दिला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील आरोग्यसेवक आणि सुईणी यांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखावयास शिकविले. मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी मण्यांचे साधन केले. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे त्यांचे संशोधन १९९० साली "लॅन्सेट" या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्या जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच तत्त्व आचरले. अक्षरओळखही नसलेल्या खेड्यातील स्त्रिया योग्य शिक्षणाने गावाचे आरोग्य सांभाळू शकतात, हे त्यांनी दाखविले आणि त्याबद्दल १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ती मोजणी आपणही शिकावी. बाळ शांत असताना, रडत नसताना, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट त्याची छाती किती वेळा वर येते ते मोजावे. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक, असे श्वास भरल्यास ती न्यूमोनियाची खूण समजावी. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ गुंगीत असेल, तर मोजीत बसू नये. काढा चुलीवर ठेवू नये. मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा.

आणखी एक. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल यांसारखी गोळी चालू असणाऱ्यांस कधी कधी कोरडा खोकला लागतो. त्याला कोणताच काढा लागू पडत नाही. गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांस सांगावे. ते ती बदलून देतात.

कोणी विचारील, मग वैद्यकीच्या जुन्या विद्येचे काय करावयाचे? आपल्या नगर शहरात, आजच्या अहिल्यानगरात, वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय १९१७ पासून उभे आहे. गुणेशास्त्र्यांनी औषधांच्या गुणधर्मावर ग्रंथ लिहिला, तो औषधाचा गुण तपासून, नोंदवून, पुढच्या पिढीस द्यावा याच हेतूने. आपणही घरातील औषध तसेच नोंदवावे. कोणते पान, किती वजन, किती पाणी, कितव्या दिवशी दिले, काय झाले, हे वहीत लिहावे आणि शिकलेल्या वैद्यास दाखवावे. गुण न आल्याची नोंदही तितक्याच प्रामाणिकपणे करावी. कारण तीच आपण सहसा विसरतो.

आपल्या कुटुंबात औषधाचा बटवा आजीबाईंच्या हाती असतो आणि तो तेथेच असावा असे मला वाटते. फक्त त्या बटव्याशेजारी एक घड्याळ आणि एक दिनदर्शिका असावी. घड्याळाने बाळाचे श्वास मोजावेत आणि दिनदर्शिकेवर खोकल्याचा पहिला दिवस खुणावून ठेवावा. सुनेने "आता दवाखान्यात नेऊ या" म्हटले, तर तो आपल्या काढ्याचा अपमान आहे असे सासूबाईंनी मानू नये. ज्या हाताने मध चाटविला, त्याच हाताने बाळास उचलून दवाखान्याच्या वाटेस लागणे, यात त्या हाताचा मोठेपणाच आहे.

 येत्या हिवाळ्यात आपली मुलेबाळे निरोगी राहोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.